मुक्या राखणदाराचे दात

(इंदूर व परिसरातील श्वानपालक, शिक्षक आणि पंचायत कार्यकर्ते यांच्यासाठीच्या भाषणाचा मजकूर)



इंदूर नगरी आणि कुत्रा यांचे नाते फार जुने आहे. होळकर घराण्याचे कुलदैवत मल्हारी मार्तंड. खंडोबाच्या कोणत्याही तसबिरीत देवाच्या घोड्यापाशी कुत्रा असतोच, आणि खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानतात. सुभेदार मल्हारराव होळकर ज्या धनगर समाजातून पुढे आले, त्या समाजाचा तर मेंढरांच्या कळपामागून चालणारा कुत्रा हा कुटुंबातलाच घटक. मराठी माणूस माळव्यात स्थिरावला तेव्हा देवघरातील टाकाबरोबर हा जिव्हाळाही त्याने येथे आणला. तिकडे साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या ‘खंड्या’ या कुत्र्याची समाधी आजही दाखविली जाते. त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचविले, अशी कथा सांगतात.

ज्या प्राण्याला समाधीचा मान मिळाला, त्याच्या तोंडात मात्र फारसे कोणी डोकावून पाहिले नाही. बैलबाजारात शेतकरी आधी बैलाचे दात पाहतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, हे पाहिल्यावाचून सौदा होत नाही. कुत्रा मात्र बहुधा फुकटच दारी येतो, आणि ‘धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत’ ही आपली म्हण त्याच्या बाबतीत तंतोतंत पाळली जाते. ही उपेक्षा कुत्र्याला किती महाग पडते, ती टाळण्याचा सोपा घरगुती उपाय कोणता आणि तो करताना कोणती दक्षता घ्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रोग कसा जडतो

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला 42 दात असतात. वरच्या जबड्यात 20 आणि खालच्या जबड्यात 22. पिलाला दुधाचे दात 28 असतात. ते साधारणतः चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांच्या सुमारास कायमचे दात येऊन पूर्ण होतात. पुढे बारीक पटाशीचे दात, त्यांच्या कडेला चार सुळे आणि मागे उपदाढा व दाढा अशी ही मांडणी असते. वरच्या जबड्यात मागच्या बाजूला असलेली मोठी उपदाढ हे कुत्र्याचे मांस कातरण्याचे मुख्य हत्यार होय. ही दाढ ध्यानात ठेवावी, कारण तिच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

माणसाचे दात किडतात, तसे कुत्र्याचे सहसा किडत नाहीत. त्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अधिक क्षारधर्मी असते. त्यामुळे दाताला भोके पडण्याचे प्रमाण कमी राहते, परंतु त्याच लाळेमुळे दातांवर कीटण लवकर धरते. खाल्ल्यानंतर काही तासांतच दातांवर जिवाणूंचा पातळ, लिबलिबीत थर बसू लागतो. तो मऊ असतो तोवर साध्या फडक्याने पुसला तरी निघतो. तसाच राहू दिला, तर लाळेतील क्षार त्यात साचून दोन-तीन दिवसांत तो कठीण होऊ लागतो. हेच पिवळट तपकिरी कीटण. ते एकदा घट्ट बसले, की कोणत्याही ब्रशाने निघत नाही.

कीटणाच्या आश्रयाने जिवाणू हिरडीखाली शिरतात. हिरडी लाल होते, सुजते, तिच्यातून रक्त येते. पुढे दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि दात हलू लागतो. माणसाच्या भाषेत ज्याला पायोरिया म्हणतात, तोच हा रोग. तीन वर्षांच्या वयापर्यंत बहुसंख्य कुत्र्यांत त्याची काही ना काही लक्षणे दिसू लागतात, असे पशुवैद्यक सांगतात. पामेरियनसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांचे दात आखूड जबड्यात दाटीने बसलेले असल्यामुळे त्यांना हा त्रास अधिक होतो. जुनाट हिरडीरोगातून जिवाणू रक्तात उतरतात. हृदय, यकृत व मूत्रपिंड यांच्या विकारांशीही अशा रोगाचा संबंध आढळला आहे.

वेदना दिसत का नाही

येथे एक प्रश्न उभा राहतो. एवढा रोग होत असता घरच्या माणसांच्या तो ध्यानात कसा येत नाही? कारण कुत्रा दुखणे लपवितो. दाढ ठणकत असली तरी तो खाणे सोडत नाही. एका बाजूने चावतो, घास तोंडातून पडू देतो, भाकरी न चावताच गिळतो. ‘आता वय झाले’ असे म्हणून घरची मंडळी त्याला दुधात कुस्करलेली पोळी देऊ लागतात. असे मऊ अन्न दातांना चिकटून राहते आणि रोगाला अधिकच खतपाणी मिळते. तोंडाला दुर्गंधी येते, तर ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ अशी समजूत असते. वास्तविक निरोगी कुत्र्याच्या तोंडाला असह्य घाण येत नाही. ती दुर्गंधी ही रोगाची पहिली वर्दी होय.

वर उल्लेखिलेल्या मोठ्या उपदाढेच्या मुळाशी पू झाला, म्हणजे सूज तोंडात न दिसता डोळ्याच्या खाली गालावर येते. कोणी म्हणते गांधीलमाशी चावली, कोणी म्हणते काठी लागली. गळू फुटते, बरे झाल्यासारखे वाटते आणि काही दिवसांनी पुन्हा सूज येते. मूळ दोष दाढेत असल्यामुळे वरून कितीही मलम लावले तरी उपयोग होत नाही. दाढेवर उपचार करणे किंवा ती काढणे हाच त्यावर इलाज असतो.

याहून दुःखद प्रकार निराळाच आहे. आठ-दहा वर्षे पोरांच्या अंगाखांद्यावर खेळलेला कुत्रा एके दिवशी गालाला हात लावणाऱ्या मुलावर गुरकावतो, दात लावतो. घरात ओरड होते आणि कालपर्यंतचा राखणदार साखळीला बांधला जातो किंवा लांब नेऊन सोडला जातो. त्या मुक्या जीवाचा गुन्हा एवढाच, की त्याच्या दुखऱ्या जागी हात लागला होता.

रोजचे काम रोज

इंदूर शहराने 2017 पासून राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळविला. त्यांपैकी 2023 चा मान सुरतेबरोबर विभागून मिळाला. या यशामागे रोज दारावर येणारी कचरागाडी आणि ओला-सुका कचरा रोज वेगळा करून देणारे नागरिक आहेत. वर्षातून एकदा मोहीम काढून शहर स्वच्छ राहिले नसते. कुत्र्याच्या दातांनाही हाच न्याय लागू आहे. मऊ थर कठीण होण्यास दोन-तीन दिवस लागतात. म्हणून तो त्याआधी, शक्यतो रोज, निघाला पाहिजे. आठवड्यातून एखाद्या रविवारी अर्धा तास घासण्यापेक्षा रोजचे एक मिनिट अधिक मोलाचे आहे.

दात स्वच्छ होतात ते घासण्यामुळे. पेस्टचे मुख्य काम कुत्र्याला तोंड उघडण्याची गोडी लावण्याचे आहे. दुकानात कुत्र्यांसाठी खास पेस्ट मिळतात. त्यांना मांसाची चव दिलेली असते आणि त्या गिळल्या तरी चालतील अशा बनविलेल्या असतात. काहींमध्ये जिवाणूंची वाढ रोखणारी पाचके असतात. ज्यांना त्या परवडतात त्यांनी अवश्य वापराव्यात. ज्यांना शक्य नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. साध्या पाण्यात भिजविलेला ब्रशही मोठे काम करतो.

घरगुती पेस्ट

घरी करावयाची पेस्ट साधी असावी. खाण्याचे शुद्ध खोबरेल तेल दोन लहान चमचे घ्यावे. कोंबडीचे किंवा मटणाचे थोडे तुकडे नुसत्या पाण्यात उकळून, गाळून, आटवून घेतलेले घट्ट पाणी एक चमचा घ्यावे. त्यात मीठ, तिखट, मसाला, कांदा, लसूण काहीही नसावे. शाकाहारी कुटुंबांना हे पाणी नको असल्यास नुसते तेल चालेल. हे मिश्रण चांगले फेटून स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. तीन-चार दिवसांत ते संपवावे. वास बदलल्यास टाकून द्यावे. इंदूरच्या थंडीत खोबरेल तेल आपोआप थिजते, उन्हाळ्यात मात्र पातळ होते. थंड ठेवलेले मिश्रण पेस्टसारखे घट्ट राहते आणि ब्रशावर टिकते. एका वेळी वाटाण्याएवढे पुरे. तेल जास्त गेल्यास कुत्र्याला जुलाब होतात. ज्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा विकार आहे किंवा जो फार लठ्ठ आहे, त्याच्यासाठी नुसते पाणीच वापरावे.

कित्येक जण अशा पेस्टमध्ये खाण्याचा सोडा घालावयास सांगतात. सोडा खरखरीत असल्याने दात उजळ दिसतात हे खरे. परंतु त्यात सोडियम पुष्कळ असते आणि कुत्रा चूळ भरत नाही, सर्व काही गिळतो. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला रोज असे सोडियम जाणे बरे नव्हे. त्याची चवही कुत्र्याला आवडत नाही. यास्तव सोडा वगळणेच श्रेयस्कर.

कुत्रा चूळ भरत नाही, हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे काय वापरू नये हे आपोआप उमगते. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. तिच्यातील फेस आणणारी द्रव्ये व फ्लोराइड पोटात जाणे इष्ट नाही. काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल नावाचे द्रव्य असते. माणसाला ते निरुपद्रवी असले, तरी कुत्र्याच्या रक्तातील साखर ते झपाट्याने उतरविते आणि त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. कापूर आणि लवंगेचे तेल असलेली दंतमंजने, मीठ आणि राखुंडी यांपासूनही कुत्र्याला दूर ठेवावे. मिसरी तर कदापि वापरू नये. ती भाजलेली तंबाखू आहे, आणि तंबाखूतील निकोटिन कुत्र्याला विषारी आहे.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय होणार नाही’ असा समज खेड्यात आणि शहरात सारखाच पसरलेला आहे. पण मिसरी झाडाचीच असते आणि कण्हेरही झाडच आहे. वस्तू कोठून आली यापेक्षा ती कोणाच्या पोटात जाणार आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. कांदा व लसूण आपल्या स्वयंपाकात नित्याचे. तेच कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. सकाळच्या न्याहारीतील उरलेले पोहे कच्च्या कांद्यासह कुत्र्यापुढे ठेवण्याची आणि प्रेमाने जिलबीचा तुकडा चारण्याची इंदुरी रीत यासाठीच सोडली पाहिजे. पोह्यांतील कांदा विषासमान, आणि जिलबीचा पाक दातांना चिकटणारा.

घासण्याची रीत

कुत्र्याचे तोंड पहिल्याच दिवशी बळेच उघडू नये. पहिले तीन-चार दिवस बोटावर पेस्ट घेऊन नुसती चाटू द्यावी. पुढचे काही दिवस ओठ हलकेच वर करून बोट दातांवरून फिरवावे. त्यानंतर जुन्या मलमलीचे किंवा धोतराचे स्वच्छ, मऊ फडके बोटाला गुंडाळून दात पुसावेत. दोन-तीन आठवड्यांत कुत्रा सरावला, की लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश घ्यावा. तो ब्रश कुत्र्याचा वेगळाच असावा. घरातील कोणाचाही वापरू नये.

कुत्र्याच्या समोर उभे राहून त्याच्यावर वाकू नये, शेजारी बसावे. जबडा उघडण्याची गरज नाही. तोंड मिटलेले असतानाच ओठ वर उचलावा आणि दात व हिरडी यांच्या सांध्यावर ब्रश किंचित तिरका धरून लहान लहान वर्तुळाकार फिरवावा. बाहेरची बाजू महत्त्वाची, त्यातही वरच्या मागच्या दाढा. कीटण तेथेच सर्वांत आधी धरते. आतली बाजू जीभ बऱ्याच अंशी पुसून काढते. प्रत्येक बाजूला अर्धे मिनिट पुरे. काम झाले की शाबासकी द्यावी, लगेच फिरावयास न्यावे. कुत्रा वैतागला तर तेथेच थांबावे. आजची झटापट उद्याचे काम बिघडविते. पिलाला लहानपणीच सवय लावली, तर जन्मभर त्रास पडत नाही. दुधाचे दात पडत असताना मात्र हिरड्या हुळहुळ्या असतात, तेव्हा हात अगदी हलका ठेवावा.

हाडांविषयीही दोन शब्द सांगणे जरूर आहे. शिजविलेल्या हाडांच्या अणकुचीदार चिपा होतात आणि त्या घशात वा आतड्यात रुततात. फार कठीण हाडे, शिंगे व दगड यांनी दातच तुटतात. नखाने दाबल्यावर जी वस्तू जराही दबत नाही, ती कुत्र्याच्या दातांना फार कठीण समजावी.

कीटण आधीच साचले असेल, हिरडीतून रक्त येत असेल, दात हलत असेल, तर ब्रश हाती घेण्यापूर्वी पशुवैद्यकाला दाखवावे. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरविल्यास कुत्रा कायमचा बिथरतो. चाकूने वा पिनेने कीटण खरवडण्याचा उद्योग घरी करू नये. पशुवैद्यक भूल देऊन हिरडीखालचीही सफाई करतात, आणि खरा रोग तेथेच असतो. या बाबतीत इंदूरकर भाग्यवान आहेत. शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवर महू, म्हणजेच आजचे डॉ. आंबेडकर नगर, येथे 1955 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांतील पशुपालकांनी गाय-बैल दवाखान्यात नेताना किंवा पशुवैद्यक गावात आले असताना कुत्र्याचे तोंडही दाखवून घ्यावे.

हात घालण्यापूर्वी

आता या विषयातील सर्वांत गंभीर भाग. कुत्र्याच्या तोंडात हात घालावयाचा, तर रेबीजचा विचार आधी केला पाहिजे. या रोगाचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतात आणि लक्षणे दिसू लागल्यानंतर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पिसाळलेला प्रत्येक कुत्रा धावून चावतोच असे नाही. रोगाच्या एका प्रकारात तो सुस्त पडून राहतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, घशात हाड अडकले असावे किंवा दात दुखत असावा. घरातला मायाळू माणूस हाड काढण्यासाठी तोंडात हात घालतो. हाताला खरचटलेले असते, लाळ लागते. दंश झालेला नसल्यामुळे कोणी दवाखान्यात जात नाही. अशी माया जिवावर बेतते.

म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. ज्या कुत्र्याला रेबीजची लस नियमित टोचली जाते आणि जो घरच्या ओळखीचा व निरोगी आहे, त्याचेच दात घासावेत. भटक्या किंवा अनोळखी कुत्र्याच्या तोंडाला हात लावू नये. कुत्र्याचे वागणे अकस्मात बदलले, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली किंवा जबडा लोंबू लागला, तर दातदुखी की पिसाळ याचा निर्णय घरी करू नये. त्याला एकटे बंद करावे, मुलांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यकाला कळवावे. दात घासण्याचे काम मोठ्या माणसाने करावे; लहान मुलांवर सोपवू नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेला संशयित लाळ लागली, तर ती जागा तत्काळ साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल असले काही लावू नये. नंतर विलंब न करता दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. लुई पाश्चर यांनी 1885 मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलावर लस प्रथम वापरली. त्यांचा स्मृतिदिन, 28 सप्टेंबर, हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. कुत्र्यांपासून होणारा रेबीज 2030 पर्यंत देशातून हटविण्यासाठी भारत सरकारने 2021 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे. तो तडीस जावयाचा तर प्रत्येक घरच्या कुत्र्याला लस टोचली गेली पाहिजे.

शिक्षकांनी वर्गात मुलांना दात घासण्याचे महत्त्व शिकविताना कुत्र्याच्या दातांचा हा धडाही द्यावा आणि जखम पंधरा मिनिटे धुण्याचा पाठ तोंडपाठ करून घ्यावा. ग्रामपंचायतींनी लसीकरणाच्या दिवशी पशुवैद्यकांकडून कुत्र्यांचे दात पाहून घेण्याची व्यवस्था करावी. त्यास वेगळा खर्च पडत नाही. ओठ वर उचलून पाहावयाचे, एवढेच काम असते.

रात्री घरातील सर्व माणसे झोपतात तेव्हा दारातला कुत्रा जागा असतो. चोराला त्याच्या दातांचे भय वाटते, म्हणूनच घराला निर्धास्त झोप लागते. ज्या दातांच्या भरवशावर आपण निजतो, ते दात दुखत तर नाहीत ना, हे दिवसातून एकदा पाहावे. त्याला एक मिनिट, एक मऊ फडके आणि प्रेमाचा हात पुरेसा आहे.